मुलाशीं बोलणें आणि मुलाच्या देखत बोलणें

घरांत माणसांचा राबता असला कीं मूल बोलणें आपोआप उचलतें, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि एकत्र कुटुंबांत तर ती सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. पाळणा माजघरांत, भोंवतीं आजी, काकू, आत्या यांचीं दिवसभराचीं बोलणीं. मग त्या मुलाला शब्दांचें दुर्भिक्ष तें कसलें? पण हें बोलणें मुलाशीं चाललेलें असतें, कीं मुलाच्या डोक्यावरून?

हा भेद किरकोळ नाहीं. वाइस्लेडर व फर्नाल्ड या दोन विदुषींनीं अमेरिकेंतील स्पॅनिश बोलणाऱ्या, बेताच्या परिस्थितीच्या घरांतील २९ मुलांचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध केला. मुलें १९ महिन्यांचीं असतां दिवसभर त्यांच्या कानीं काय पडतें, तें त्यांनीं ध्वनिमुद्रित केलें. ज्यांना उद्देशून घरचीं माणसें अधिक बोलत, त्यांचा शब्दसंग्रह दोन वर्षांच्या वयास मोठा भरला. नुसत्या कानावरून गेलेल्या बोलण्याचा तसा कांहीं संबंध आढळला नाहीं.

पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग तर याहून मौजेचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांपुढें चिनी माणसें १२ वेळां बसलीं. पुस्तकें दाखवून, खेळणीं हालवून आपल्या भाषेंत बोललीं. पुढें तीं मुलें चिनी भाषेंतील उच्चारांचे बारकावे ओळखूं लागलीं. दुसऱ्या कांहीं मुलांना तींच माणसें पडद्यावर दाखविलीं. त्यांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं! रडणाऱ्या मुलापुढें मोबाईल धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

भू-भू, मंमं, जोजो असल्या बोलांना घरांतील पुरुषमंडळी हसतात. हसोत बापडीं! फर्ग्युसन या भाषापंडितानें १९६४ सालीं सहा भाषांतील अशा बोलांवर निबंध लिहिला, त्यांत आपली मराठी होती. उंच स्वरांत, सावकाश, हेल काढून बोललें कीं तान्ह्या मुलाचें लक्ष वेधतें, हें पुढें अनेकांनीं दाखविलें आहे. मात्र बोलून झाल्यावर थोडें थांबावें. मूल ‘अगूं’ म्हणतें तोच त्याचा जबाब. त्याला पुन्हां उत्तर द्यावें. आमच्या आजीला हें कोणी शिकविलें नव्हतें. ती नातवाला न्हाऊं घालतांना प्रश्न विचारी आणि त्याच्या तोंडाकडे पाहत वाट पाही.

म्हणून आईनें धास्ती घेऊन अखंड बडबड करावी, असें नव्हे. पापुआ न्यू गिनींतील कालुली लोक तान्ह्या मुलांशीं असा संवाद फारसा करीत नसत, तरी त्यांचीं मुलें बोलूं लागतच. आणि एखादें मूल उशिरां बोलूं लागलें तर दोष सुनेच्या माथीं मारण्यापूर्वीं त्याचे कान तपासवून घ्यावे. भांडें पडल्यावर तें दचकतें, एवढ्यावरून त्याला सारें ऐकूं येतें असें ठरत नाहीं.