टोपलीतले मासे आणि ओसाकाची तेनमा पेठ

दावीद राहाबीची गोष्ट बेने इस्राएल घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली त्याला भेटले. हे यहुदी असावेत असे त्याला वाटले, पण खात्री हवी होती. म्हणून त्याने घरातल्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि ती शिजवायला सांगितली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. त्या लोकांना हिब्रू वाचता येत नव्हते. शेमा, शब्बाथ, सुंता आणि ही निवड एवढेच त्यांच्याजवळ उरले होते, आणि तेवढे ओळख पटायला पुरले.

आज समाजातली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदूर जातात. तिथेही त्यांच्यापुढे टोपली येते. फरक असा, की कोकणातल्या टोपलीत मासा आखा दिसत होता. पापलेट कोणते आणि मुशी कोणती हे डोळ्यांना कळत होते. परदेशातल्या पेठेत तोच मासा रश्श्यात विरघळलेला, पिठात दडलेला किंवा तेलात तळलेला असतो. ही निवड कशी करावी याचे चांगले उदाहरण म्हणजे जपानमधील ओसाका शहराची तेनमा पेठ.

ओसाकाला जुन्या काळापासून 'देशाचे स्वयंपाकघर' म्हणतात. तांदूळ, मासळी आणि भाजी यांचे मोठे बाजार याच शहरात होते. त्यांपैकी भाजीचा बाजार १६५३ पासून तेनमा भागात नदीकाठी भरे. १९३१ मध्ये शहराचा मध्यवर्ती घाऊक बाजार सुरू झाला, तेव्हा तो तिथे गेला. पण खाण्याची सवय पेठेत राहिली. ओसाका स्थानकापासून लोकल गाडीने तेनमा हे पुढचेच स्थानक. जवळच तेनजिनबाशिसुजी नावाचा छपराखालचा बाजाररस्ता आहे. तो सुमारे २.६ किलोमीटर लांब असून त्यावर ६०० च्या आसपास दुकाने आहेत. जपानी लोक म्हणतात, क्योतोचा माणूस कपड्यांपायी बुडतो आणि ओसाकाचा खाण्यापायी.

या पेठेत प्रथम नजरेस पडते ती ताकोयाकीची गाडी. आपल्या आप्पेपात्रासारखा खळग्यांचा लोखंडी तवा, त्यात गव्हाचे पातळ पीठ ओतून गोल गोळे भाजतात. १९३५ मध्ये ओसाकातल्या आइझूया या दुकानाने हा पदार्थ प्रचारात आणला असे मानतात. दिसायला आप्पे, पण आत ऑक्टोपसचा तुकडा असतो. ऑक्टोपस म्हणजे माकुळाचा भाऊबंद. त्याला ना पर, ना खवले. तोरात लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात पाण्यातल्या जिवांसाठी या दोनच खुणा दिल्या आहेत. 'ताको' हा शब्द ऐकला, की पुढे जावे.

दुसरा पदार्थ ओकोनोमियाकी. 'ओकोनोमी' म्हणजे तुमच्या आवडीप्रमाणे. भरपूर कोबी घातलेले जाड धिरडेच ते. आवडीप्रमाणे म्हटले, तरी बहुधा त्यावर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या लावतात. 'बुता नुकी दे', म्हणजे डुकराचे मांस नको, असे सांगितले तर दुकानदार ते घालत नाही. पण तवा तोच असतो आणि त्यावर कोणती चरबी फिरवली हे वेगळे विचारावे लागते.

कुशिकात्सूचेही तसेच. बांबूच्या काडीला भाजी, मासा किंवा मांस टोचून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतात. कमळाचे देठ किंवा वांगे मागवले, म्हणजे प्रश्न मिटला असे वाटते. परंतु सगळ्या काड्या एकाच कढईत तळल्या जातात, आणि कित्येक दुकानांत तळणीत जनावराची चरबी असते. भाजी कोशेर आहे, कढई नाही.

आता या शहराच्या चवीचे मूळ पाहू. ते दाशी नावाच्या पातळ पाण्यात आहे. कोंबू हे जाड समुद्रशेवाळ आणि वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा कठीण केलेला कात्सुओ मासा यांचा तो अर्क. कोंबू उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरून येतो. जुन्या काळी जहाजे पश्चिम किनाऱ्याने वळसा घालून तो ओसाकाला आणीत, म्हणून या शहराच्या हाताला तो लागला. १९०८ मध्ये तोक्योचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूतून चवीचे द्रव्य वेगळे काढले आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिले.

कोंबू ही वनस्पती, ती चालते. मात्र मेथी निवडताना कीड पाहतात, तसे कडक घरांत शेवाळात बारीक जलजीव नाहीत ना हे पाहतात. कात्सुओ हा आपल्या कुप्याच्या कुळातला, पर आणि खवले असलेला मासा. म्हणून कित्सुने उदोन, म्हणजे गोडसर शिजवलेल्या तळीव टोफूसह जाड शेवयांचा रस्सा, हा ओसाकाचा पदार्थ मुळात मांसाशिवाय होतो. तरी वर कधी माशाच्या लगद्याची पांढरी चकती ठेवलेली असते. लगद्यात कोणता मासा वाटला हे डोळ्याला दिसत नाही. मुशीच्या जातीचाही असू शकतो. तयार पुडीच्या रश्श्यात डुकराचा किंवा कोंबडीचा अर्क असण्याचा संभव असतो.

एक पदार्थ मात्र कोकणाशी नाते सांगतो. त्याचे नाव बात्तेरा. शिरक्यात मुरवलेला साबा, म्हणजे बांगड्याचा जपानी भाऊ, भातावर ठेवून लाकडी साच्यात दाबतात आणि वर कोंबूचा पातळ पापुद्रा घालतात. हे नाव पोर्तुगीज भाषेतले असून त्याचा अर्थ लहान होडी. ज्या पोर्तुगीजांनी चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्याला पाव, बटाटा आणि काजू हे शब्द दिले, त्यांचाच एक शब्द ओसाकाच्या भातावर जाऊन बसला आहे.

गोड पदार्थांत लाल अझुकी चवळीचे पुरण भरलेले मोची असते. कान्तेन नावाची वडीही असते. कान्तेन म्हणजे आपल्याकडचे चायना ग्रास. रोश हाशानाला चिकाचा हलवा करतात, तसा नारळाच्या दुधातला चायना ग्रासचा हलवाही कित्येक बेने इस्राएल घरांत होतो. दूध न वापरता गोड करण्याची ही रीत मांसाच्या जेवणानंतर उपयोगी पडते. कान्तेन शेवाळापासून होते, जिलेटिन मात्र जनावरापासून, बहुधा डुकरापासून. वड्या दिसायला सारख्या. म्हणून नाव विचारल्याशिवाय उचलू नये.

बंद पाकिटावर कोळंबी ('एबी') आणि खेकडा ('कानी') असल्यास ते छापणे जपानी कायद्याने सक्तीचे आहे. डुकराचे मांस आणि जिलेटिन छापण्याची केवळ शिफारस आहे. पाकिटावर नाव नाही म्हणजे आत ते नाही, असे समजू नये.

ज्याला कडक कश्रुत पाळायचे, त्याला परक्या भांड्यातले काहीच चालणार नाही. त्यानेही उपाशी राहण्याचे कारण नाही. पेठेत तांदूळ, भाजी, फळे, टोफू मिळते. मासळीवाल्याकडे लाल ताइ मासा आखा मिळतो. त्याचे मोठे खवले लांबूनही दिसतात. कातडी सोललेला तुकडा घेण्यापेक्षा आखा मासा घ्यावा आणि आपल्या सुरीने कापावा. नारळाच्या दुधाचा डबा मोठ्या दुकानात मिळतो. म्हणजे अलिबागची आमटी ओसाकात शिजू शकते. शब्बाथला प्रार्थनेला जायचे, तर कोबे शहरात ओहेल शेलोमो सिनॅगॉग आहे. आगगाडीने ओसाकापासून कोबे अर्ध्या तासाच्या आत येते, तेव्हा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पोहोचून तिथेच मुक्काम करता येतो. चिउने सुगिहारा या जपानी वकिलाने १९४० मध्ये लिथुआनियात दिलेल्या व्हिसांवर सुटून आलेले यहुदी निर्वासित याच कोबेत थांबले होते.

कोणी मासा-भाजीपर्यंत बाहेरचे चालवून घेतात, कोणी घरच्याच ताटावर राहतात. हा ज्या-त्या घराचा निर्णय. पण निर्णय करण्यासाठी आधी माहिती असावी लागते. ज्या मुलाला मुशी आणि सुरमई यांतला फरक घरी कोणी दाखवला नाही, त्याला ओसाकात काय विचारायचे हेच सुचणार नाही. टोपलीतले मासे निवडणाऱ्या बायकांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. आईच्या शेजारी बसून मासळी साफ करताना त्या शिकल्या होत्या.

म्हणून वर्गातल्या मुलांनी पुढच्या रविवारी आजी-आजोबांबरोबर मासळी बाजारात जावे. प्रत्येक मासा हातात घेऊन त्याचे मराठी नाव विचारावे, खवले बोटाने चाचपून पाहावेत आणि घरी कोणते मासे येत नाहीत, ते का येत नाहीत, हे वहीत लिहून आणावे.