सम्राटाच्या मनात नक्की कोण होतं?

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असेलच. कुठल्याही नेत्यानं कुठेही हात जोडले की लगेच म्हणणारा, 'व्होट बँक, दुसरं काय!' परवा आमच्या कट्ट्यावर हेच झालं, फक्त नेता सतराशे वर्षांपूर्वीचा होता. कॉन्स्टंटाइन, ख्रिस्ती झालेला पहिला रोमन सम्राट. 'त्यानं धर्म वापरला, बास,' असं जाहीर करून मित्रानं चहा संपवला. मला काही ते पटेना. म्हणून वाचायला बसले.

आधी काळ बघा. इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनच्या हुकमानं चर्च पाडली जात होती, धर्मग्रंथ जाळले जात होते. ख्रिस्ती लोक अल्पसंख्य होते, सैन्यात तर फारच थोडे. आता सांगा, नुसती सत्ताच हवी असेल तर कुणी हा धर्म निवडेल का? व्होट बँकेचा मुद्दा इथंच लंगडा पडतो.

मग येते २८ ऑक्टोबर ३१२ ची लढाई. रोमबाहेर, टायबर नदीवरच्या मिल्वियन पुलाजवळ. कॉन्स्टंटाइन जिंकला, त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्सेंशियस नदीत बुडाला. पण त्याआधी काय घडलं? लॅक्टँशियस हा लेखक काही वर्षांतच लिहितो की, सम्राटाला स्वप्न पडलं आणि ढालींवर ख्रिस्ताचं चिन्ह काढायची आज्ञा झाली. बिशप युसेबियस मात्र सम्राटाच्या मृत्यूनंतर लिहितो. त्याच्याकडे भर दिवसा आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसतो, सोबत विजयाचा संदेश, आणि पाहायला अख्खं सैन्य हजर! हे सम्राटानं स्वतः शपथेवर सांगितलं, असंही तो म्हणतो. आपल्या ट्रेकच्या गोष्टी नाही का दरवर्षी थोड्या उंच होत जात, तसंच काहीसं. पण म्हणून ट्रेक झालाच नाही, असं नसतं.

पुढच्याच वर्षी, ३१३ मध्ये, पूर्वेकडचा सम्राट लिसिनियस आणि त्यानं मिळून ख्रिस्ती लोकांना आणि बाकी सगळ्यांनाही आपापल्या उपासनेची मोकळीक दिली. जप्त झालेल्या जागा परत दिल्या. अनेकांना वाटतं, ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म केला तो यानंच. नाही हं! ते झालं ३८० मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात.

आणि हा माणूस जुनं सगळं सोडून आला होता, असंही नाही. रोममध्ये ३१५ साली उभ्या राहिलेल्या त्याच्या विजयकमानीवर लिहिलंय की, तो 'दैवी प्रेरणेने' जिंकला. कुठला देव? नाव नाही. त्याच्या नाण्यांवर सूर्यदेव पुढे कित्येक वर्षं झळकत राहिला. ३२१ मध्ये त्यानं सूर्याच्या वारी न्यायालयं आणि कारागिरांना सुट्टी दिली, शेतकऱ्यांना मात्र कामाची मुभा ठेवली. कायद्यात ख्रिस्ताचा उल्लेखच नाही. (आपल्याकडे गिरणी कामगारांना हीच सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावं लागलं, तेही नारायण मेघाजी लोखंडे लढले म्हणून.)

'दा विंची कोड' वाचलेल्यांना ३२५ ची निकिया परिषद आठवेल. बायबलमध्ये कोणते ग्रंथ घ्यायचे हे तिथं ठरलं, असा समज पसरलाय. तो चुकीचा आहे. वाद होता एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताचा: पुत्र हा पित्याइतकाच अनादि आहे का? कॉन्स्टंटाइननं आधी दोन्ही बाजूंना पत्र पाठवलं होतं की, इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडू नका. मला तर या पत्रात तो सगळ्यात खरा दिसतो. त्याला तत्त्वज्ञानापेक्षा एकी हवी होती. एकाच देवानं राज्य दिलंय आणि त्याच्या भक्तांत फूट पडली तर तो आपल्यावर कोपेल, अशी त्याला भीती होती. ही भीती राजकारण की श्रद्धा? माझ्या मते त्याला स्वतःलाच हा फरक करता आला नसता.

पण लगेच पुढचं वर्ष येतं आणि माझी वकिली अडखळते. ३२६ मध्ये त्यानं स्वतःचा मुलगा क्रिस्पस याला ठार करवलं. त्यानंतर लवकरच बायको फाउस्टाही गेली. कारणाबद्दल जुने लेखकही एकसारखं सांगत नाहीत. कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा मित्र नुसता हसला. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

बाप्तिस्मा त्यानं घेतला तो थेट ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर. त्या काळी बरेच जण असं थांबत, कारण बाप्तिस्म्यानं आधीची सगळी पापं धुतली जातात अशी समजूत होती. तो देणारा बिशपही एरियसच्याच बाजूचा! त्यानंतर सम्राटानं राजेशाही जांभळा पोशाख अंगाला लावला नाही, पांढऱ्या वस्त्रांतच गेला.

त्याला पुरलं कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये, बारा प्रेषितांच्या स्मारकांच्या मधोमध. जुन्या रोमन रिवाजानं त्याला देवपदही दिलं गेलं. तेव्हाची नाणी आजही बघायला मिळतात. चार घोड्यांच्या रथातून सम्राट वर निघालाय आणि आकाशातून एक हात त्याला घ्यायला खाली आलाय. हात कुणाचा, ते नाण्यावर लिहिलेलं नाही.