अंतर जास्त, तरी प्रवास कमी वेळाचा!

दोन शहरांमधील अंतर वाढले, की प्रवासाचा वेळही वाढतो, हे रस्त्यावरचे साधे गणित आकाशात मात्र नेहमीच लागू पडत नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या विमानप्रवासाने हे २०१६मध्ये दाखवून दिले. एअर इंडियाने डिसेंबर २०१५मध्ये या मार्गावर थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. जुना मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा, तर नवा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. तरीही नव्या मार्गाने विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास आधी पोहोचले.

याचे कारण आहे वारा. जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. त्यांना 'जेट स्ट्रीम' म्हणतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात. पश्चिमेकडे जाणाऱ्याची वाट अडवतात. मुंबई-लंडन प्रवासातही जाण्यापेक्षा परतीला साधारण तासभर कमी लागतो, तो यामुळेच. हिवाळ्यात हे वारे अधिक जोर धरतात.

वास्तविक, दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील किमान अंतर सुमारे १२,४०० किलोमीटरच आहे. सपाट नकाशावर ते दिसत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरल्यास तो हिमालय, चीन, सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाताना दिसेल. मग विमाने याच रेषेने का जात नाहीत? केबिनमधील हवेचा दाब अचानक घटल्यास विमानाला तातडीने सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. हिमालय आणि तिबेटच्या पठारावर ते शक्य नसते.

त्यात देशांच्या हवाई हद्दींचा प्रश्न असतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने हवाई हद्द बंद ठेवल्याने भारतीय विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला. त्यापायी २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. वळसा म्हणजे अधिक इंधन. आणि इंधनाचे वजन वाढले, की प्रवासी व सामानासाठीची क्षमता घटते.

प्रवाशांनी एक बाब ध्यानात ठेवायला हवी. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात. ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून पहाटे चार वाजता निघालेले विमान साडेचौदा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला सकाळी सहा वाजता उतरेल! त्यामुळे परदेशातील मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांच्या औषधांच्या वेळा घड्याळावर न ठरवता, प्रत्यक्ष किती तास प्रवास आहे हे पाहून डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. पुढे जोडविमान असल्यास, विशेषतः हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना, मध्ये पुरेसा वेळ राखलेला बरा.