आधी पैसे, मग ऊब!

आपल्याकडे निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला, की ती पहिल्या पानावरची बातमी होते. शेकोट्या पेटतात, ठेवणीतले स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात आणि काही दिवसांत थंडीची लाट ओसरतेही. ब्रिटनमध्ये मात्र साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने घर गॅस, वीज वा तेल जाळून उबदार ठेवावे लागते. ती चैन नसून आरोग्याची गरज आहे. थंड हवामानाच्या देशांत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचविले होते. त्याहून गार घरात श्वसनाचे आणि हृदयाचे विकार बळावतात. वृद्धांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास अधिक होतो.

ही ऊब ज्यांना परवडत नाही, त्यांच्या अवस्थेला तेथे 'इंधन दारिद्र्य' म्हणतात. ब्रेंडा बोर्डमन या संशोधिकेने १९९१ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. घर पुरेसे उबदार ठेवण्यासह ऊर्जेच्या सर्व गरजा भागवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम लागत असेल, तर ते कुटुंब इंधन-दरिद्री, अशी सुटसुटीत कसोटी त्यातून पुढे आली. नंतर सरकारी व्याख्या बदलल्या. संज्ञा मात्र रूढ झाली.

दरवाढीचा तडाखा

युक्रेन युद्धाच्या आगेमागे नैसर्गिक वायूचे भाव भडकले आणि हा प्रश्न ऐरणीवर आला. तेथील ऊर्जा नियामक 'ऑफजेम' सर्वसाधारण वापराच्या घरासाठी दराची कमाल मर्यादा जाहीर करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही मर्यादा वर्षाला १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये ती १,९७१ आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ३,५४९ पौंडांवर गेली. अखेर सरकारला हस्तक्षेप करून सर्वसाधारण घराचे बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखावे लागले. दर पुढे उतरले. तरीही २०२५ च्या शेवटच्या तिमाहीतील मर्यादा १,७५५ पौंड, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या तुलनेत सुमारे ३७ टक्के अधिक होती.

सरकारी मदत नाही असे नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये निवृत्तिवेतनाच्या वयाच्या नागरिकांना हिवाळी इंधन भत्ता मिळतो. १९९७ मध्ये सुरू झालेला हा भत्ता २०२४ मध्ये केवळ गरीब वृद्धांपुरता मर्यादित करण्यात आला. त्यावर टीकेची झोड उठल्यानंतर २०२५ मध्ये वार्षिक ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तो पुन्हा लागू झाला. भत्त्याची रक्कम घरटी २०० वा ३०० पौंड आहे. याखेरीज, सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य अंश वा त्याखाली राहिल्यास काही विशिष्ट सरकारी साह्य घेणाऱ्यांना २५ पौंड दिले जातात. गरीब ग्राहकांच्या बिलात १५० पौंडांची सूटही आहे.

मात्र या मदतीला ठरलेली वेळ आणि ठरलेल्या अटी असतात. घरातली ऊब संपते ती एखाद्या गुरुवारी रात्री. धर्मादाय संस्थांचे काम नेमके तेथे सुरू होते.

मीटरमधले दारिद्र्य

हे समजून घेण्यासाठी तेथील प्रीपेड मीटर समजून घ्यायला हवा. ब्रिटनमधील सुमारे ४० लाख घरांत असे मीटर आहेत. मोबाइलचे रिचार्ज करावे, त्याप्रमाणे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन विजेची किल्ली वा गॅसचे कार्ड भरून आणायचे. शिल्लक संपली की थोडी उसनी रक्कम वापरायची आणि तीही संपली की पुरवठा बंद. अनेकांकडे हा मीटर आला तो जुनी थकबाकी वसूल करण्यासाठी. त्यामुळे प्रत्येक रिचार्जमधून आधीच्या कर्जाचा हप्ता कापला जातो. शिवाय रोजचा स्थिर आकार आहेच. उन्हाळाभर हीटर बंद असला, तरी गॅसचा हा आकार साचत राहतो आणि थंडी पडल्यावर भरलेले पहिले पैसे त्यातच जिरून जातात.

खरी मेख पुढेच आहे. बिल थकलेल्या ग्राहकाची वीज तोडायची, तर कंपनीला नोटीस द्यावी लागते, नियम पाळावे लागतात, त्याची नोंद होते. प्रीपेड मीटरवाल्याची वीज कोणी तोडत नाही; पैसे संपल्यावर ती आपोआप जाते. कागदोपत्री हा जणू त्याचाच निर्णय ठरतो. 'सिटिझन्स ॲडव्हाइस' या सल्लासेवी संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या २०२२ मध्ये ३२ लाख लोकांवर अशी पाळी आली. २०२३ च्या प्रारंभी थकबाकीदारांच्या घरात बळजबरीने मीटर बसविल्याचे प्रकरण उजेडात आले, तेव्हा नियामकाने ही कारवाई थांबवायला लावली. त्याच वर्षी नवे नियम झाले आणि दोन वर्षांखालील मूल असलेल्या, तसेच ७५ वर्षांवरील निराधार वृद्धांच्या घरी अशी सक्ती करण्यास मनाई झाली.

कुपनाची ऊब

२०१५ मध्ये सुरू झालेली 'फ्युएल बँक' ही या पोकळीत काम करणारी प्रमुख योजना. धान्यपेढीत वा सल्लाकेंद्रात आलेल्या कुटुंबाचा मीटर रिकामा आहे, असे तेथील कार्यकर्त्याच्या लक्षात आले, की तो त्या कुटुंबाची शिफारस करतो. कुटुंबाला काही दिवस पुरेल इतक्या रकमेचे कुपन मिळते. ते दुकानात दाखविले, की मीटर भरला जातो.

धान्यपेढीशी ही सांगड घालण्यामागे साधे कारण आहे. शिजवायला गॅस नसेल, तर धान्य काय कामाचे? काही गरजू लोक बटाटे नाकारतात, कारण ते उकडण्याचा खर्च परवडत नाही, असे 'आइसलँड' या दुकानसाखळीचे प्रमुख रिचर्ड वॉकर यांनी मार्च २०२२ मध्ये सांगितले होते. नुसत्या उकळत्या पाण्यात तयार होतील अशा पदार्थांचे वेगळे डबे काही धान्यपेढ्या देतात, ते यामुळेच.

मदतीचा आणखी एक मार्ग म्हणजे 'सर्व्हायव्हिंग विंटर' हे आवाहन. ज्या सुस्थितीतील वृद्धांना हिवाळी भत्त्याची गरज नाही, त्यांनी ती रक्कम स्थानिक निधीला द्यावी आणि ती गरजूंपर्यंत पोहोचावी, ही त्यामागील कल्पना. २०२२ च्या हिवाळ्यात वाचनालये आणि चर्चनी 'या, बसा, ऊब घ्या' म्हणत दारे उघडली, तीही याच भावनेने.

या मदतीचे मोठे बळ म्हणजे तिचा वेग. तिची मर्यादाही उघड आहे. कुपन आठवडाभर पुरते. खिडकीच्या फटीतून ऊब बाहेर जातच राहते. म्हणूनच १९८१ पासून या क्षेत्रात असलेली 'नॅशनल एनर्जी ॲक्शन' ही संस्था घरांच्या भिंती, छपरे आणि हीटर सुधारण्याचा आग्रह धरते. शिवाय शिफारस करणाऱ्यापर्यंत जो पोहोचतच नाही, त्याच्या काळोखाची दखल कुणीच घेत नाही.

हा मुद्दा आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला तीव्र विरोध झाला आणि सर्वसामान्य ग्राहकांना ते बसविले जाणार नाहीत, अशी घोषणा सरकारला करावी लागली. त्या वादात बिल वाढेल का, हाच प्रश्न मुख्यत्वे चर्चिला गेला. ब्रिटनचा अनुभव आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो: पैसे संपलेल्या घरातला दिवा विझला, तर ते कळणार कोणाला? तेथे आज ते कळते, ते बहुतेकदा धान्यपेढीच्या टेबलापलीकडे बसलेल्या एखाद्या स्वयंसेवकाला.