सौर पंप, देणगीचा पैसा आणि विहिरीचे पाणी



पाऊस वेळेवर न येणे, आला तर महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडणे, काढणीच्या तोंडावर गारपीट होणे, हे प्रकार आता आपल्या परिचयाचे झाले आहेत. हवामान बदलाचा वेग कमी करावयाचा असेल तर कोळसा आणि डिझेल यांचा वापर घटवून सूर्य व वारा यांपासून वीज निर्माण केली पाहिजे, हे सर्वमान्य झाले आहे. या कामात सरकारांबरोबरच उद्योगपतींनी स्थापन केलेले मोठे न्यासही उतरले आहेत. त्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्था सौर पंप, सौर दिवे, शीतगृहे यांच्या योजना घेऊन खेड्यापाड्यांत येत असतात. उद्या तुमच्या गावातही अशी संस्था येऊ शकेल. त्या वेळी तिच्याकडून काय घ्यावे आणि तिला काय विचारावे, हे समजावे म्हणून गुजरातमधील धुंडी गावच्या एका प्रयोगाची माहिती येथे देत आहोत.

न्यासांचा पैसा शेतीला नवा नाही

आपण पेरत असलेल्या बुटक्या गव्हाच्या वाणांचे मूळ अशाच देणगीत आहे. अमेरिकेतील रॉकफेलर न्यासाने १९४३ मध्ये मेक्सिकोत गहू सुधारणेचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी डॉ. नॉर्मन बोरलॉग तेथे रुजू झाले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० मध्ये रॉकफेलर व फोर्ड या दोन न्यासांच्या मदतीने उभी राहिली. तेथूनच १९६६ मध्ये आयआर-८ हे भाताचे वाण प्रसारित झाले. त्याच वर्षी भारताने मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, न्यासांनी फक्त सुरुवातीच्या संशोधनाचा धोका पत्करला. वाण शिवारापर्यंत पोचविण्याचे काम कृषि विद्यापीठे, सरकार आणि स्वतः शेतकऱ्यांनी केले. दुसरी, उत्पादन वाढले, पण पंजाबसारख्या भागात भूजलाची पातळी खोल गेली. नवे तंत्र आणताना पाण्याचा हिशोब मागे राहिला, त्याची किंमत तेथील शेतकरी आजही मोजत आहे. सौर पंपांच्या बाबतीत तसे होऊ नये, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

आजच्या मोहिमा काय करतात?

जगात दरवर्षी जेवढा पैसा दानधर्मात दिला जातो, त्यापैकी २ टक्क्यांहूनही कमी भाग हवामान बदलाच्या कामाला मिळतो. म्हणून हा पैसा प्रत्येक शेतकऱ्याला पंप वाटण्यासाठी पुरणारा नाही. तो साधारणपणे तीन कामांसाठी वापरला जातो : नव्या पद्धतीचे प्रात्यक्षिक करणे, धोरण ठरविण्यासाठी अभ्यास करणे आणि लोकजागृती करणे.

रॉकफेलर न्यासाने २०१५ मध्ये बिहार, उत्तर प्रदेश या राज्यांतील खेड्यांत लहान सौर वीजकेंद्रे उभारण्यासाठी ७ कोटी ५० लाख डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. २०२१ मध्ये रॉकफेलर, आयकिया आणि बेझोस या तीन न्यासांनी एकत्र येऊन विकसनशील देशांतील स्वच्छ ऊर्जेसाठी १५० कोटी डॉलरचा निधी उभारण्याचे ठरविले. हे आकडे मोठे असले तरी देशातील सर्व शेतीपंपांचा विचार केला तर ते थोडेच आहेत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर न्यासाचा पैसा म्हणजे प्रात्यक्षिकाचा प्लॉट होय. त्या प्लॉटवरील पीक पाहून आपल्या शेतात काय करावयाचे, हे आपणच ठरवावे लागते.

सौर पंपाचा फायदा आणि धोका

पाच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला पूर्ण भारावर तासाला साधारण १ लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. सौर पंपामुळे हा धूर थांबतो, डिझेलचा खर्च वाचतो, दिवसा पाणी देता येते आणि रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून मोटार चालू करायला जावे लागत नाही. हे फायदे निर्विवाद आहेत.

धोका पाण्याच्या बाबतीत आहे. डिझेल इंजिन चालविणारा शेतकरी दर तासाचा खर्च मनात धरतो आणि गरज भागली की इंजिन बंद करतो. सौर पंपाला मात्र आणखी एक तास चालविण्यास काहीच खर्च येत नाही. ऊन आहे तोवर पंप चालतो. भारतात दरवर्षी सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते आणि त्यातील सुमारे ८७ टक्के शेतीसाठी वापरले जाते. लाखो सौर पंप असे बिनखर्चाने चालू राहिले, तर हवा स्वच्छ होईल पण विहिरी कोरड्या पडतील.

धुंडीचा प्रयोग

या प्रश्नावर धुंडी गावात एक उत्तर शोधण्यात आले. धुंडी हे खेडा जिल्ह्यातील ठासरा तालुक्यातील गाव आहे. तेथील सिंचन मुख्यतः डिझेल इंजिनावर चालत असे. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्था आणि टाटा न्यास यांचा जलधोरणविषयक संयुक्त कार्यक्रम २००० सालापासून चालू आहे. डॉ. तुषार शाह यांच्या मार्गदर्शनाखाली या कार्यक्रमातील अभ्यासकांनी एक कल्पना मांडली : शेतकऱ्याने सौरऊर्जेकडे पीक म्हणून पाहावे. पिकाला जेवढे पाणी लागते तेवढी वीज पंपासाठी वापरावी आणि उरलेली वीज कंपनीला विकावी.

यासाठी गावातील सहा शेतकऱ्यांनी ‘धुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी’ स्थापन केली. त्यांच्या पंपांसाठी एकूण ५६.४ किलोवॅट क्षमतेचे सौर पॅनेल बसविण्यात आले. खर्चाचा मोठा भाग देणगीतून आला, थोडा वाटा सभासदांनी उचलला. २०१६ मध्ये हे पंप मध्य गुजरात वीज कंपनीच्या वाहिनीला जोडण्यात आले. कंपनीने मंडळीशी २५ वर्षांचा करार करून प्रति युनिट ४ रुपये ६३ पैसे दर ठरविला. त्या बदल्यात सभासदांनी या २५ वर्षांत सवलतीच्या दराची वीजजोडणी न मागण्याचे मान्य केले. याशिवाय कार्यक्रमाच्या निधीतून स्वच्छ ऊर्जेसाठी १ रुपया २५ पैसे आणि पाणी बचतीसाठी १ रुपया २५ पैसे असा प्रोत्साहनपर बोनस देण्यात आला. त्यामुळे एकूण दर ७ रुपये १३ पैसे पडला.

कंपनीला सहा ठिकाणी वेगवेगळे व्यवहार करावे लागले नाहीत. मंडळीच्या एका मीटरवर वीज मोजली जाऊन पैसे मंडळीला मिळत आणि मंडळी ते सभासदांत वाटत असे. दूध संघाच्या संकलन केंद्राची पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना ही व्यवस्था सहज समजेल. सभासद शेजाऱ्यांना पाणीही देत आणि त्याचा दर डिझेल इंजिनाच्या पाण्यापेक्षा कमी असे. पुढे आणखी काही शेतकरी मंडळीत दाखल झाले.

हिशोब कसा बसतो?

समजा तुमच्याकडे पाच अश्वशक्तीचा पंप आणि ५ किलोवॅटचे पॅनेल आहे. एक किलोवॅटपासून चांगल्या उन्हात दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. वर्षात ३०० दिवस धरल्यास ६,००० युनिट होतात. त्यातील निम्मी वीज सिंचनासाठी वापरली, तर विक्रीसाठी ३,००० युनिट उरतात. निरनिराळ्या दरांनी त्यांचे उत्पन्न असे होईल :

• प्रति युनिट ३ रुपये दराने : ९,००० रुपये
• प्रति युनिट ४.६३ रुपये दराने : १३,८९० रुपये
• प्रति युनिट ७.१३ रुपये दराने : २१,३९० रुपये

आता पाण्याची बाजू पाहू. सुमारे १०० फूट खोलीवरून पाणी उपसताना एका युनिटमध्ये अंदाजे ५ हजार लिटर पाणी वर येते. म्हणजे ३,००० युनिट वीज विकली, याचा अर्थ जास्तीत जास्त दीड कोटी लिटर पाणी उपसण्याइतकी वीज पंपाकडे गेली नाही. एवढे पाणी १ हेक्टर क्षेत्रावर दीड मीटर उंच उभे राहील.

मात्र यातच एक अटही दडलेली आहे. शेजारी ५ हजार लिटर पाण्याला ५ रुपयांहून जास्त देत असेल किंवा त्या पाण्यावर ऊस, केळी यांसारखे पीक निघत असेल, तर ४ रुपये ६३ पैशांसाठी कोणीही पंप बंद ठेवणार नाही. विजेचा दर पाण्याच्या मोलाशी स्पर्धा करू शकला, तरच पाणी वाचते. बोनसचे महत्त्व यासाठीच होते आणि तो देणगीच्या पैशातून येत होता, हे विसरून चालणार नाही.

प्रयोगापासून योजनेपर्यंत

धुंडीनंतर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणंद जिल्ह्यातील मुजकुवा येथे अशीच सहकारी मंडळी उभी केली. गुजरात सरकारने २०१८ मध्ये ‘सूर्यशक्ती किसान योजना’ जाहीर केली. तीत पहिली ७ वर्षे प्रति युनिट ७ रुपये आणि पुढील १८ वर्षे ३ रुपये ५० पैसे असा दर ठरविण्यात आला. केंद्र सरकारच्या २०१९ मधील ‘पीएम-कुसुम’ योजनेतही वीजवाहिनीला जोडलेल्या शेतीपंपांच्या सौरीकरणाचा वेगळा घटक ठेवण्यात आला. सहा शेतकऱ्यांच्या प्रयोगात तपासलेली कल्पना अशा रीतीने सरकारी योजनांत आली. न्यासांच्या पैशाचा खरा उपयोग हाच होय.

महाराष्ट्रात थोडी वेगळी वाट धरण्यात आली. ‘मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना’ २०१७ मध्ये सुरू झाली आणि राळेगण सिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचे पहिले प्रकल्प घेण्यात आले. तीत संपूर्ण कृषि वाहिनीला सौर प्रकल्पातून दिवसा वीज दिली जाते. ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ ही २०२४ ची योजना स्वतंत्र सौर पंपांसाठी असून सर्वसाधारण गटातील शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के रक्कम भरावी लागते. या दोन्ही पद्धतींनी दिवसा पाणी मिळण्याची सोय होते. परंतु वाचविलेल्या युनिटचे पैसे शेतकऱ्याच्या हातात पडत नाहीत. म्हणून पाणी बचतीची जबाबदारी आपल्यावरच राहते.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. खेडा जिल्ह्याची जमीन गाळाची असून तेथे भूजलाचा साठा मोठा आहे. आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यातील पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते आणि ते थोडेच असते. एकाने वाचविलेले पाणी शेजारच्या विहिरीतून उपसले जाऊ शकते. त्यामुळे आपल्याकडे एकट्याने बचत करून भागणार नाही, एका पाणलोटातील विहिरींचा एकत्रित विचार करावा लागेल.

गावात संस्था आल्यास काय विचारावे?

१) पैसा कोणाचा आहे आणि किती वर्षांसाठी आहे? संस्था गेल्यानंतर पॅनेल, पंप व मीटर कोणाच्या मालकीचे राहतील, हे लेखी घ्यावे.

२) बोनस किंवा अनुदान बंद झाल्यावर मूळ दराने हिशोब बसतो काय? वर दिलेल्या पद्धतीने स्वतः आकडेमोड करून पाहावी. बोनस धरूनच नफा दिसत असेल तर सावध असावे.

३) वीज विक्रीचा करार वीज वितरण कंपनीशी आहे की केवळ संस्थेच्या तोंडी आश्वासनावर? कराराची मुदत आणि दर वाचूनच सही करावी. एखादा हक्क सोडावा लागत असल्यास घरात व गावात चर्चा करावी.

४) देखभाल कोण करणार? पीएम-कुसुम योजनेत पुरवठादारावर ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. देणगीच्या पंपासाठीही तेवढीच हमी मागावी. पॅनेलवरील धूळ मात्र आठवड्यातून एकदा आपणच पुसावी.

५) पाण्याची नोंद होणार आहे काय? पंप बसविण्यापूर्वी विहिरीतील पाण्याची पातळी मोजून ठेवावी आणि त्यानंतर दर महिन्याला ती वहीत लिहावी. दोरी आणि वजन एवढ्या साधनांवर हे काम होते.

६) उरलेल्या विजेचे काय करणार? विक्रीची सोय नसल्यास योग्य नियंत्रक बसवून कडबा कुट्टी यंत्र किंवा पिठाची गिरणी चालविता येते. असे केल्यास रिकाम्या वेळेत केवळ ऊन आहे म्हणून पाणी उपसण्याचा मोह कमी होतो.

सौर पंपाबरोबर ठिबक सिंचनाचा अवलंब करावा, पिकाच्या गरजेनुसार पाळ्या ठरवाव्यात आणि उन्हाळी पिकाचे क्षेत्र विहिरीतील पाणी पाहून ठेवावे. या जुन्या शिफारशींचे महत्त्व सौर पंपामुळे वाढले आहे, कारण आता उपशावर बिलाचा किंवा डिझेलचा लगाम राहिलेला नाही.

देणगीतून आलेल्या सौर पंपाला नाकारण्याचे कारण नाही. डिझेलचा धूर थांबविणारे कोणतेही साधन स्वागतार्हच आहे. परंतु देणारा न्यास आपली मुदत संपली की दुसऱ्या गावी जाईल आणि आपल्याला त्याच विहिरीवर पुढची पिके घ्यावयाची आहेत. म्हणून पंपाच्या कागदांबरोबर पाण्याच्या पातळीची वहीही घरात असू द्यावी आणि दर वर्षी मे महिन्यात ती उघडून मागील वर्षाशी ताडून पाहावी.