रक्तदाब किंवा हृदयविकार असताना मसाला लावलेले मासे कसे शिजवावेत?

हृदयविकार किंवा उच्च रक्तदाबाचे निदान झाले की अनेक घरांत मासे बंद होतात. प्रत्यक्षात आठवड्यातून दोनदा मासे खाणे बहुतेक हृदयरुग्णांसाठी चांगले असते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत ओमेगा-3 मेदाम्ले भरपूर असतात. त्रास होतो तो मसाल्यातल्या मिठाचा आणि तव्यातल्या जास्त तेलाचा. हळद, तिखट, आले, लसूण यांनी रक्तदाब वाढत नाही.

मीठ कुठे लपते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एका छोट्या चमच्याहून कमी मीठ खावे. यात सगळ्या जेवणांतले मीठ आले.

- तयार फिश मसाल्यात बहुधा मीठ असते. पाकिटावरील सोडियमचे प्रमाण वाचा.
- कोकमाच्या आगळात मीठ असते. आगळ वापरल्यास वेगळे मीठ घालू नका.
- त्या जेवणात पापड, लोणचे, सुकी मासळी टाळा.

चार जणांसाठी सोपी पद्धत

साहित्य: रावस किंवा सुरमईच्या बिनकाट्याच्या तुकड्या 500 ग्रॅम, आले-लसूण वाटण 2 छोटे चमचे, तिखट 1 चमचा, हळद आणि धणेपूड प्रत्येकी अर्धा चमचा, एका लिंबाचा रस, मीठ जास्तीत जास्त अर्धा छोटा चमचा, तेल 2 ते 3 छोटे चमचे.

1. तुकड्या धुऊन पूर्ण निथळून घ्या. ओल्या तुकडीवर मसाला टिकत नाही.
2. मसाला चोळून 15 मिनिटे फ्रिजमध्ये मुरू द्या.
3. तवा तापवा, मोजलेले तेल पसरवा. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू 3 ते 4 मिनिटे भाजा. जाड तुकडीला थोडा जास्त वेळ द्या.
4. मांस पारदर्शक न दिसता पांढरट झाले आणि काट्याने सहज सुटू लागले, की मासा शिजला.

रव्यात घोळवल्यास तुकडी जास्त तेल पिते. रवा हवाच असेल तर फक्त भुरभुरा. सोबत भाकरी आणि मीठ न घातलेली काकडीची कोशिंबीर घ्या.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

- मूत्रपिंडाचे रुग्ण: मासे किती खावेत हे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. लो-सोडियम मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे चालू असल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. असे मीठ विचारल्याशिवाय वापरू नका.
- गर्भवती: मोरी, सुरमई अशा मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असू शकतो. त्याऐवजी बांगडा, तारली निवडा.
- मासळीची ॲलर्जी असलेले: अगदी थोडासाही मासा खाऊ नका.

मासळी घरी आणताच फ्रिजमध्ये ठेवा. बांगडा, कुपा असे मासे उष्णतेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगाला खाज सुटणे असे झाल्यास डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाल्यास लगेच 108 वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

घरातील एकासाठी वेगळे बेचव ताट वाढण्याची गरज नाही. मोजलेल्या मिठातेलाचा हाच मासा सगळ्यांनी खावा.