पेनेलोपी मागावरून उठते

होमरच्या ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात एक प्रसंग आहे. इथाकाच्या राजवाड्यात गायक ट्रॉयहून परतणाऱ्या ग्रीकांच्या हालअपेष्टा गातो आहे. ट्रॉयच्या युद्धाला गेलेल्या नवऱ्याची, ओडिसियसची, वाट पाहणाऱ्या पेनेलोपीला ते ऐकवत नाही. ती माडीवरून खाली येते आणि त्याला दुसरं काहीतरी गायला सांगते. त्यावर तिचा मुलगा टेलेमेकस, नुकताच कुठे वयात आलेला, चारचौघांत तिला सुनावतो की तिने वर जाऊन आपला माग आणि चाती सांभाळावी, बोलणं हे पुरुषांचं काम आहे. पेनेलोपी निमूटपणे माघारी जाते.

ग्रीक पुराणातल्या स्त्रियांच्या नव्या रूपांच्या या मालिकेत मागच्या भागात जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांची कसांड्रा भेटली. या आठवड्यात पेनेलोपीसाठी जर्मनीतून थेट स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिशियात जायचं आहे. गॅलिशियन ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत शाळा-कचेऱ्यांमधून ती हद्दपारच झाली होती. या भाषेत लिहिणाऱ्यांना पेनेलोपी कधी परकी वाटली नाही, कारण ती त्यांच्या गावोगाव होती. एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही लाखो गॅलिशियन माणसं पोटासाठी क्युबाला, अर्जेंटिनाला गेली. ब्युनोस आयरिसमध्ये त्यांचा भरणा इतका, की तिथे कुठल्याही स्पॅनिश माणसाला सरसकट ‘गायेगो’, म्हणजे गॅलिशियन, म्हणायची सवय पडली. इकडे शेत, गुरं, मुलं आणि म्हातारी माणसं बायकांच्या गळ्यात. कवयित्री रोसालिया दे कास्त्रो यांनी १८८० च्या ‘फोयास नोवास’ या संग्रहातल्या एका भागाला नावच दिलं : जिवंतांच्या आणि मृतांच्या विधवा. ग्रीक पुराणाचा आधार न घेताही ही पेनेलोपीचीच कहाणी होती. फरक एवढाच की या बायकांच्या दारी राजवाडा नव्हता, आणि ओडिसियस परतेलच याची हमीही नव्हती.

पुढे १९६१ साली शोसे मारिया दियाथ कास्त्रो यांच्या ‘निम्बोस’ या संग्रहात ‘पेनेलोपी’ नावाची कविता आली. तिच्यात पेनेलोपी म्हणजे खुद्द गॅलिशिया : ‘ओडिसी’तल्या पेनेलोपीसारखंच दिवसा विणायचं, रात्री उसवायचं, एक पाऊल पुढे नि एक मागे. कविता सुंदर आहे आणि तिचं दुःख खरं आहे. पण बाईला देशाचं प्रतीक केलं की बाई म्हणून तिला काय हवं आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

ते विचारलं शोआना तोरेस यांनी. सांतियागोत जन्मलेल्या या लेखिकेने १९७१ च्या ‘आदिओस मारिया’ या कादंबरीत, आईवडील कामासाठी फ्रान्सला गेल्यामुळे संसाराचा गाडा ओढणारी कोवळ्या वयाची मुलगी रंगवली होती. मागे राहणं म्हणजे काय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. १९९२ च्या ‘तेम्पो दे रिआ’ या संग्रहातली त्यांची ‘पेनेलोपी’ जेमतेम पानभर आहे. बहुतेक ओळी देववाणीच्या. ती मावळतीकडच्या समुद्राबद्दल सांगते, मृतांच्या समुद्राबद्दल. गॅलिशियाच्याच एका किनाऱ्याला ‘कोस्ता दा मोर्ते’, मृत्यूचा किनारा म्हणतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला वेगळा नकाशा लागत नाही. शेवटच्या तीन ओळी मात्र पेनेलोपीच्या आहेत. सुताच्या एवढ्या गुंड्यांचं आणि एवढ्या कहाण्यांचं करायचं काय, असं ती विचारते आणि आपणही समुद्रावर जाणार असं सांगून मोकळी होते. नवऱ्याला दोष नाही, रडणं नाही, परवानगी तर नाहीच. २००१ मध्ये तोरेस रॉयल गॅलिशियन अकादमीत दाखल झाल्या, तेव्हा आपल्या भाषणाचं शीर्षक त्यांनी याच अखेरच्या ओळीवरून घेतलं. पुढे तेच शब्द तिथल्या स्त्रीवादी चळवळीच्या तोंडी रुळले.

बेगोन्या कामान्यो यांनी २००९ मध्ये ‘सर्सी किंवा निळाईचं सुख’ या कादंबरीत याच्याही पुढचं पाऊल टाकलं. व्यवसायाने त्या रेडिओ पत्रकार. २०१४ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच त्या गेल्या. ‘ओडिसी’त परतीच्या वाटेवर ओडिसियस जिच्यापाशी राहतो, त्या सर्सीच्या बेटावरची हकिकत आपल्याला कळते ती त्याच्याच तोंडून. पेनेलोपीलाही ती त्याच्याकडूनच कळते, शेवटी, अंथरुणात. म्हणजे सर्सी जादूगार, माणसांची डुकरं करणारी, या सगळ्याचा साक्षीदार एकच, आणि तो थापा मारण्यात पटाईत. कामान्यो यांनी तो मधला माणूसच बाजूला केला. त्यांच्या कादंबरीत सर्सी आणि पेनेलोपी एकमेकींना पत्रं लिहितात. ज्यांनी सवती म्हणून एकमेकींचा द्वेष करावा अशी अपेक्षा, त्या मैत्रिणी होतात. बोलणं हे पुरुषांचं काम, या टेलेमेकसच्या वाक्याला इतकं नेमकं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. अनेक पुनर्कथनं नायकाला खलनायक करून थांबतात; इथे त्याच्यावाचूनही गोष्ट पुढे जाते आणि हेच या कादंबरीचं मोठं बळ आहे.

पेनेलोपीखेरीज ग्रीक पुराणातल्या इतरही आल्या. लूथ पोथो गार्था यांनी २००३ मध्ये ‘मेदेआ एन कोरिन्तो’ लिहिलं. मारिया शोसे केइथान यांनी तर त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, ‘अँटिगनी’चं नाटक गॅलिशियन रंगभूमीसाठी नव्याने रचलं होतं. भावाला मूठमाती देणारी ही बहीण पुढच्या भागात.